बातमीदारी सोडून नेत्याच्या कार्यालयात?

प्रश्न : मी जिल्ह्याच्या दैनिकात बरीच वर्षं राजकीय बातम्या करतो. इथल्या आमदारांनी माध्यमांचं काम सांभाळायला बोलावलंय, पगार जवळपास दुप्पट. जाऊ का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : जा. पण साहेबांशी थेट बोलता येणार, की आधी पीएला विचारायचं, हे पक्कं करून घ्या. संजय बारू ‘फायनान्शियल एक्स्प्रेस’चं संपादकपद सोडून २००४मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांचे माध्यम सल्लागार झाले. दिल्ली असो की तालुका, या कामात सगळं अडतं ते नेत्याशी थेट बोलता येतं की नाही, इथेच.

मीही बातमीदारी सोडून आधी एका पक्षाचं, मग एका कारखान्याचं काम केलं. प्रसिद्धिपत्रक तर तुम्ही झोपेतही लिहाल. कस लागतो वेगळ्याच वेळी. कारखान्यात बॉयलरचा अपघात झाला, तेव्हा व्यवस्थापनाला पत्रकात ‘किरकोळ घटना’ हवं होतं. जखमींचा आकडा बातमीदार रुग्णालयातून काढणारच, हे मला ठाऊक होतं. भांडून तो आकडा मी पहिल्याच ओळीत घातला. त्यानंतर माझा फोन कुणी टाळला नाही.

निवडणुकीत जास्त जपा. पेड न्यूज, म्हणजे पैसे देऊन छापवलेली बातमी, सिद्ध झाली की तिचा खर्च उमेदवाराच्या हिशेबात धरतात आणि विधानसभेला मर्यादा ४० लाखांची आहे. जुन्या सहकाऱ्याला पाकीट पोचवायला सांगितलं, तर तिथल्या तिथे नाही म्हणा. आणि होकार कळवलात की त्याच दिवशी संपादकांना सांगा. त्या आमदारांवर एक ओळही लिहू नका.