नोव्हेंबरच्या निकालांवरून संघाचं भवितव्य लिहिताना

प्रिय मुली,

तुझी मेल मिळाली, सोबतचा मसुदाही वाचला. कॉलेजच्या साप्ताहिकात पुरुषांच्या बास्केटबॉल संघावर लिहायचं काम तू स्वतः मागून घेतलंस, याचा मला मनापासून आनंद झाला. पाच सामने, चार विजय, आणि वर ठळक मथळा: ‘यंदा एनसीएए नक्की’, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज-खेळांची संघटना एनसीएए भरवते त्या राष्ट्रीय स्पर्धेत जागा पक्की. हा मथळा आधी काढ. मजकुरातलं बरंच काही ठेवण्यासारखं आहे, पण ते कशाच्या आधारावर उभं करायचं याबद्दल तुला चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

शितावरून भाताची परीक्षा नोव्हेंबरात होत नाही. लीगचे सामने वगळले, तर कोणाशी खेळायचं हे कोच स्वतः ठरवतात. एखादा कोच नव्या पोरांची भीड चेपावी म्हणून घरच्या कोर्टवर सोपे पाहुणे बोलावतो. दुसरा मुद्दाम बस काढून तीन तासांवरच्या तगड्या संघाकडे जातो आणि हरून येतो, कारण फेब्रुवारीत काय भोगावं लागेल ते त्याला मुलांना आताच दाखवायचं असतं. पहिला ४-१ आणि दुसरा २-३ असेल, आणि दुसराच सरस असू शकेल. म्हणून मसुद्यात ४-१ लिहिलंस की लगेच पुढच्या वाक्यात कोणाशी, कुठे आणि किती फरकाने ते लिही. तुझ्या चार विजयांपैकी एक तर डिव्हिजन थ्रीच्या, म्हणजे तुझं कॉलेज खेळतं त्या एनसीएएच्या तिसऱ्या गटाच्या, बाहेरच्या छोट्याशा कॉलेजविरुद्धचा आहे. एनसीएएच्या निवडीच्या हिशेबात तो धरलाच जात नाही. हे वाचकाला सांगायला हवं.

असल्या सामन्यांतून काय होऊ शकतं याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण आयोवातल्या ग्रिनेल कॉलेजचं आहे. २० नोव्हेंबर २०१२ च्या रात्री जॅक टेलरने फेथ बॅप्टिस्ट बायबल कॉलेजविरुद्ध एकट्याने १३८ गुण केले. १०८ वेळा बास्केटवर नेम धरला, ५२ वेळा चेंडू आत गेला. त्यातले ७१ प्रयत्न तीन गुणांच्या रेषेबाहेरून होते, त्यांतले २७ लागले. ग्रिनेल १७९-१०४ ने जिंकलं. देशभर बातमी झाली, आणि व्हायलाच हवी होती. पण त्याच रात्री हरलेल्या संघाच्या डेव्हिड लार्सनने ७० गुण केले, हे फार थोड्यांना आठवतं. मी तो बॉक्स स्कोअर, म्हणजे सामन्याचा आकड्यांचा तक्ता, वाचते तेव्हा माझी नजर त्या ७० वर थांबते. लीगमधल्या भक्कम संघासमोर ग्रिनेलचा बचाव किती टिकेल, हा प्रश्न १३८ ने सुटत नव्हता, ७० ने मात्र उभा राहत होता. ग्रिनेलची पद्धतच तशी होती: पूर्ण कोर्टभर प्रेस (चेंडूवाल्याला जागोजागी घेरून दबाव टाकणं), पाच-पाचांच्या तुकड्या धडाधड बदलायच्या, मिळेल तिथून तीनचा नेम, आणि त्या बदल्यात समोरच्याला सोपे बास्केट गेले तरी चालतील. ती पद्धत ठाऊक नसलेल्या माणसाला तो निकाल वाचताच येणार नाही.

आता ‘एनसीएए’बद्दल. डिव्हिजन थ्रीच्या पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत ६४ संघ घेतात. त्यातल्या बहुतेक जागा लीगची अखेरची स्पर्धा जिंकणाऱ्यांना थेट मिळतात. उरलेल्या थोड्या जागांसाठी चारशेहून जास्त संघांतले सगळे चांगले पण आपल्या लीगमध्ये कमी पडलेले संघ रांगेत उभे असतात. २०२४-२५ च्या सीझनपासून या जागांसाठी एनपीआय नावाचं गणित वापरतात. तुझे विजय किती, ते कोणाविरुद्ध, घरी की बाहेर, यावरून ते निघतं. त्यात नोव्हेंबरच्या मंगळवारी कुठल्याशा अनोळखी संघाकडून झालेला पराभव फेब्रुवारीतल्या पराभवाइतकाच भारी पडतो. म्हणजे संघाची खरी ताकद नोव्हेंबरात नीट दिसत नाही, आणि तरी नोव्हेंबरचा प्रत्येक निकाल मार्चमध्ये मोजला जातो. कोचला रात्री झोप लागत नाही ती यामुळे. तुझ्या लेखाचा कणा मला यातच दिसतो. तुझ्या नेस्कॅक लीगमध्ये ११ कॉलेजं आहेत, प्रत्येकाशी एकदाच खेळायचं, म्हणजे लीगचे सामने फक्त १०. सीझनमधले निम्म्याहून जास्त सामने लीगबाहेरचे. तेव्हा ‘हे सराव सामने आहेत’ असं जे तू दुसऱ्या परिच्छेदात म्हटलं आहेस, ते चूक आहे.

मग पाच सामन्यांनंतर बघायचं काय? जे पुन्हापुन्हा घडतंय ते बघ. तीनचे नेम सगळ्यात फसवे. तुझ्याच आकड्यांवर बोलू: पाच सामन्यांत १२५ थ्री मारले, ५६ लागले, जवळपास ४५ टक्के. रेषा ६.७५ मीटरवर आहे. तिथून सीझनभर ४५ टक्के टिकवणारा संघ मी पाहिलेला नाही. ३५ टक्के धरलेस तर ४४ लागले असते, म्हणजे १२ कमी, म्हणजे ३६ गुण कमी, सामन्यामागे सात. तुझ्या संघाने दोन सामने चार आणि सहा गुणांनी जिंकलेत. आता तूच बघ.

याउलट टर्नओव्हर (नेम न धरताच चेंडू गमावणं), रिबाउंड (हुकलेल्या नेमाचा चेंडू पकडणं) आणि फाउल यांच्यात सवय लवकर दिसते. डीन ऑलिव्हर नावाच्या अभ्यासकाने बास्केटबॉलचं यश चार गोष्टींत मांडलं: नेमबाजीची परिणामकारकता, टर्नओव्हर, आक्रमणातले रिबाउंड, फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे मोकळे नेम). तो स्वतः कॅलटेकसारख्या छोट्या कॉलेजात खेळलेला माणूस, हे मला फार आवडतं. त्याच्या पद्धतीत सगळं पझेशनमागे, म्हणजे चेंडू ताब्यात आल्याच्या प्रत्येक पाळीमागे, मोजतात, कारण वेगाने खेळणारा संघ ८३ गुण करतो म्हणून तो चांगला, असं होत नाही. हिशेब कठीण नाही: बास्केटवरचे प्रयत्न, त्यातून आक्रमणातले रिबाउंड वजा, टर्नओव्हर अधिक, आणि फ्री थ्रोंचा साधारण ०.४७५ पट भाग अधिक. समज, ६२ प्रयत्न, १० रिबाउंड, १४ टर्नओव्हर, २० फ्री थ्रो. झाले साडेपंच्याहत्तर. त्यात ८३ गुण म्हणजे एका पझेशनला १.१०. समोरच्या संघाचंही असंच काढ. पाचही सामन्यांचा एक कागद कर. जो आकडा पाचही वेळा जवळपास तोच आला, त्यावर लिही. जो उड्या मारतोय त्यावर थांब.

आकड्यांच्या आधी मात्र डोळे. मी इतकी वर्षं छोट्या जिममध्ये स्कोअररच्या टेबलाशी बसते, तिथून एक जागा मी आवर्जून बघते. आपल्या बाजूने चेंडू घेऊन निघालेला फ्रेशमन (पहिल्या वर्षाचा) गार्ड अर्धी रेषा ओलांडतो तो साइडलाइनच्या कोपऱ्यात. ओलांडला की लगेच ड्रिबल थांबवतो आणि चेंडू दोन्ही हातांत धरतो. आता त्याला मागे जाता येत नाही, एका बाजूला साइडलाइन, आणि समोरून दोघे धावून आलेले. तो डोक्यावरून लांब पास टाकतो आणि तो पास समोरच्यांचा तिसरा खेळाडू पळवतो. पहिल्या सामन्यात हे घडलं तर काही नाही, पोरगा नवीन आहे. चौथ्या सामन्यात काय होतंय ते बघ. तोच मुलगा चेंडू मधून आणायला लागला असेल, किंवा उंच सेंटर मधल्या वर्तुळाशी येऊन त्याला पासची जागा देत असेल, तर या संघाला कोच आहे आणि मुलं ऐकतायत. अजून तसंच चाललं असेल, तर जानेवारीत लीगमधला प्रत्येक कोच व्हिडिओ बघून तिथेच प्रेस लावणार. तुझ्या मसुद्यात गुण कोणी किती केले ते आहे, हे एकदाही नाही.

दुसरं, कोण परत आलंय ते मोज. आणि नावं मोजू नकोस, मिनिटं मोज. गेल्या वर्षीच्या खेळलेल्या मिनिटांपैकी किती मिनिटं यंदाच्या संघात आहेत? तुझ्याच लीगमधलं ट्रिनिटी २०२४ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चारांत पोचून हरलं आणि २०२५ मध्ये फोर्ट वेन शहरात न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीला ६४-६० ने हरवून विजेतं झालं. हरण्याची चव घेतलेली मुलं कोर्टवर परत येणं ही मोठी पुंजी असते. उलट बाजूही ध्यानात ठेव. तुझ्याच लीगमधलं विल्यम्स कॉलेज २०१४ च्या अंतिम सामन्यात विस्कॉन्सिन-व्हाइटवॉटरकडून ७५-७३ असं हरलं. त्या संघात डंकन रॉबिन्सन फ्रेशमन होता. पुढचं वर्ष आपलंच असं कुणालाही वाटलं असतं. पण रॉबिन्सन मिशिगनला गेला, पुढे एनबीएत पोचला, आणि कोच माइक मेकरही दुसरीकडे गेले. मार्चमधल्या आशा नोव्हेंबरात कोण हजर आहे यावर तपासून घ्यायच्या असतात.

बेंचकडेही लक्ष दे. नोव्हेंबरात कोच अकरा-बारा जणांना खेळवतो, जानेवारीत आठ-नऊवर येतो. कोणाची मिनिटं हळूहळू वाढतायत, कोणाला दुसऱ्या हाफमध्ये उठवलंच जात नाही, हे बॉक्स स्कोअरच्या मिनिटांच्या रकान्यात दिसतं. डिसेंबरात परीक्षांमुळे मोठा खंड पडतो. त्यानंतर रिकाम्या कॅम्पसवर फक्त संघच राहिलेला असतो, दिवसाला दोन सराव होतात, आणि पुष्कळ संघ तिथे बदलतात. तुझं भाकीत तेव्हा पुन्हा तपासशील असं वाचकांना आताच सांगून ठेव.

आता ज्या गोष्टीसाठी मी एवढं लांब पत्र लिहायला बसले, ती. डिव्हिजन थ्रीत खेळासाठी स्कॉलरशिप नसते. ज्या मुलाबद्दल तू ‘निराशाजनक सुरुवात’ असं लिहिलंस, तो सकाळी केमिस्ट्रीची लॅब करून, सराव करून, रात्री अकराला लायब्ररीत बसतो. दोन हजार विद्यार्थ्यांच्या कॉलेजात तो जेवणाच्या रांगेत तुझ्या पुढे उभा असतो. त्याच्यावर टीका करू नकोस असं मी म्हणत नाही. टीका जरूर कर, पण ती घडलेल्या गोष्टीवर असू दे: ‘चार सामन्यांत १७ टर्नओव्हर’ हे लिही, ‘दडपण पेलत नाही’ हे लिहू नकोस. पहिलं त्याला मान्य करावं लागेल. दुसरं तुला ठाऊकच नाही. आणि लक्षात ठेव, या सामन्यांबद्दल मोठी वर्तमानपत्रं लिहीत नाहीत. त्या मुलांच्या चार वर्षांची नोंद म्हणून जे उरणार आहे, ते बरंचसं तुझ्यासारख्यांनी लिहिलेलंच.

कॅलटेकचा संघ लीगमध्ये सलग ३१० सामने हरला. २२ फेब्रुवारी २०११ ला त्यांनी ऑक्सिडेंटलला ४६-४५ असं हरवलं, तेव्हा ती संख्या सांगता आली, कारण इतकी वर्षं कोणीतरी प्रत्येक निकाल नीट टिपून ठेवला होता. पुढे एनबीएत गाजलेले कोच ग्रेग पॉपोविच पहिल्या सीझनला पोमोना-पिट्झरमध्ये २ जिंकले आणि २२ हरले. १९८६ मध्ये त्याच संघाने लीग जिंकली. त्या पहिल्या नोव्हेंबरात त्यांच्या भवितव्यावर कोणी काय लिहिलं असतं याचा विचार कर.

मला हा खेळ मुंबईत नागपाड्याच्या मैदानावर भेटला. वायएमसीएवाल्यांनी तो आपल्याकडे आणला. त्याच संस्थेच्या स्प्रिंगफिल्डच्या शाळेत जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ मध्ये तो सुरू केला होता. ती शाळा म्हणजे आजचं स्प्रिंगफिल्ड कॉलेज, आणि ते अजून डिव्हिजन थ्रीत खेळतं. तुझ्यापासून गाडीने जाण्याजोगं आहे. या सीझनमध्ये एकदा तिथला सामना बघून ये, कोणत्याही संघाची बाजू न घेता. लिहिणाऱ्याला ती सवय लागावी लागते.

आता मसुदा असा कर. सुरुवात पाच सामन्यांच्या वेळापत्रकाने, कोण किती तगडं होतं ते सांगून. मग थ्रीचा हिशेब. मग तो गार्ड आणि प्रेस, पण शनिवारचा सामना बघितल्यावरच. त्या दिवशी आपल्या बेंचच्या मागे बस, प्रेसिडेंटच्या पाहुण्यांच्या रांगेत नको. टाइमआउटमध्ये कोच कोणाशी बोलतात आणि तो मुलगा मान वर करून ऐकतो का, ते तिथूनच दिसतं. सामन्यानंतर कोचना एकच प्रश्न विचार: सरावात या आठवड्यात सगळ्यात जास्त वेळ कशावर गेला? ‘संघ कसा वाटतो’ हे विचारू नकोस, त्याचं उत्तर सगळे एकच देतात. शेवटी एनपीआय दोन वाक्यांत समजाव आणि थांब.

रविवारी रात्रीपर्यंत पाठव, मी सोमवारी सकाळी कामाला निघायच्या आत वाचून उत्तर देईन. पाच सामन्यांचा तो कागदही सोबत जोड, बेरजा मी तपासते. आईला सांग, थँक्सगिव्हिंगला मी श्रीखंड आणते आहे.

तुझी,
मावशी