वहिनींना सातवा महिना आहे आणि नाशिकच्या द्वारका सर्कलला कारला मागून धडक बसली, बाहेरून लागलं नाही. तरी दवाखान्यात जावं का? भरपाई मिळते का?

आजच जा, उद्यावर ढकलू नका. द्वारका सर्कलला गाडी मागून ठोकली आणि वहिनींना खरचटलंही नाही, हे ठीक. पण पोटावर झटका बसला की वार (बाळाला पोसणारा प्लासेंटा) गर्भाशयापासून सुटू शकते, आणि रक्तस्राव आतच साठला तर बाहेर काहीच दिसत नाही. म्हणून बाळाचे ठोके आणि कळा किमान चार तास मशीनवर बघतात. नुसती सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून निघू नका, वार सुटल्याचं तिच्यात बऱ्याचदा दिसत नाही. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनचं आठवणीने विचारा, ते 72 तासांत द्यायचं असतं. घरी आल्यावर पोट दगडासारखं कडक झालं, अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, बाळाची हालचाल मंदावली, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा.

दवाखान्यात अपघाताची केस म्हणून एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवली जाणारी केस) नोंद करायला सांगा. पुढे सगळं त्या कागदावर अडतं. समोरचा "दादा, इथेच मिटवू" म्हणेल. पण पोलिसांत तक्रार द्या, त्याच्या गाडीचा नंबर आणि विम्याचा फोटो ठेवा. इजा किंवा उपचाराचा खर्च झाला तर नाशिकच्या जिल्हा न्यायालयातल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खाली अर्ज करता येतो. मुदत अपघातापासून सहा महिने, त्यामुळे वकील बाळंतपणाआधीच गाठा.