बोटीच्या डेकवरचं व्हिनायल पावसाळ्यानंतर सुटतं, कोणता गोंद वापरावा?

तुमच्या प्रश्नातली परिस्थिती अशी: बामणोलीला शिवसागर (कोयना धरणाच्या) जलाशयात चालणारी बोट, प्लायचा १६ फूट बाय ५ फुटांचा डेक, त्यावर घरात टाकतात ती व्हिनायल शीट, ती सनमायक्याच्या पिवळ्या गोंदाने चिकटवलेली. एका पावसाळ्यात कडा उचलल्या, मधे फुगे आले, आणि आता तुम्हाला याहून जोरदार गोंद हवा आहे. गोंद बदलावा लागेलच. पण नुसता गोंद बदलून ही शीट टिकणार नाही, कारण ती वरून सुटत नसून खालून सुटते आहे.

आधी जुनी शीट काढताना काय कुठे राहतं ते नीट बघा. गोंद दोन्हीकडे आहे आणि ओढला की तारा सुटतात, असं असेल तर गोंद मऊ पडला आहे. व्हिनायल म्हणजे पीव्हीसी. ते लवचीक राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर नावाचं तेलकट द्रव्य घालतात. ते हळूहळू शेजारच्या रबरी गोंदात उतरतं आणि उन्हात हे फार लवकर होतं. सनमायका कडक असतो, त्यात असं द्रव्य नसतं, म्हणून तोच गोंद स्वयंपाकघरात वर्षानुवर्षं टिकतो आणि बोटीवर टिकत नाही.

डेकवर करड्या कागदासारखा किंवा स्पंजसारखा थर राहिला आणि वरचं नक्षीचं प्लास्टिक तेवढं हातात आलं, तर दोष शीटच्या पाठीचा. घरगुती शीटला फेल्ट किंवा फोमची पाठ असते. ती कडेने पाणी ओढते आणि आतून फाटते. अशा शीटला जगातला कोणताही गोंद लावा, निकाल तोच. आणि सगळा गोंद शीटबरोबर निघून खाली लाकूड कोरं किंवा काळपट दिसलं, तर प्लायमध्ये ओल होती किंवा घासल्यावरची धूळ नीट पुसली नव्हती. बहुतेक बोटींवर यातली दोन कारणं एकत्र सापडतात.

पांढऱ्या गोंदाचा विचार सोडून द्या, डब्यावर वॉटरप्रूफ लिहिलेलं असलं तरी. तो लाकडाला लाकूड जोडायला उत्तम आहे. पण त्यातलं पाणी उडून गेल्याशिवाय तो सुकत नाही, आणि वर व्हिनायल, खाली सील केलेला प्लाय असताना ते पाणी जायला वाट नसते. तुम्हाला हवा तो दोन डब्यांचा, हार्डनर मिसळायचा पीयू म्हणजे पॉलियुरेथेन गोंद. कृत्रिम गवत आणि जिममधली रबरी फरशी चिकटवणारे हाच प्रकार वापरतात, त्यामुळे फ्लोअरिंगच्या दुकानात विचारा. डब्यावर पीव्हीसीसाठी आणि बाहेरच्या वापरासाठी चालतो असं लिहिलेलं हवं. शीट फेल्ट-फोम नसलेली, खरखरीत पृष्ठभागाची घ्या. गुळगुळीत व्हिनायल ओलं झालं की वासोटा किल्ल्याहून चिखलाचे बूट घेऊन उतरणारा माणूस हमखास घसरतो. दोन मीटर रुंदीचा रोल मिळाला तर पाच फुटांच्या डेकला मधे जोडच येणार नाही, आणि जोड नसणं हे कोणत्याही जोडापेक्षा चांगलं. लांबी साधारण ५.१ मीटर घ्या.

आता डेक. इंजिन आणि पेट्रोलची टाकी बोटीवरून उतरवा, मगच हीटगन किंवा अॅसिटोनला हात लावा. शीट हीटगनने कोमट करून पत्र्याच्या पट्टीने खरवडा. व्हिनायल जळू देऊ नका, जळताना त्यातून निघणारा आम्लाचा धूर फुफ्फुसाला वाईट. उरलेला गोंद ६० नंबरच्या आणि मग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने काढा, मास्क लावून. प्लायवर सगळीकडे टोचणीने दाबून बघा. टोचणी सहज रुतली तर तेवढा भाग कापून नवा घाला, आणि तो आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय असू द्या. आयएस ३०३ चा प्लाय त्याच्या जागी चालत नाही.

ओल तपासायला दीड फूट चौकोनी पॉलिथीन चारही बाजूंनी टेपने चिकटवून एक दिवस-रात्र ठेवा. आतून थेंब किंवा धुकं दिसलं, तर काम पुढे ढकला. हा मुद्दा मी मुद्दाम लांबवतो आहे, कारण पीयू गोंद ओलीशी रासायनिक क्रिया करतो आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू निघतो. ओल्या प्लायवर लावलेला चांगला गोंद स्वतःच फुगे तयार करतो आणि लोक दोष गोंदाला देतात. कोयनेच्या खोऱ्यात पावसाळ्यानंतर ऑक्टोबरात लाकूड वरून कोरडं वाटलं तरी आत भिजलेलं असतं. एप्रिल-मे हाच योग्य काळ. बोट काठावर ओढा, सावलीत ठेवा आणि डेकची झाकणं उघडी ठेवून खालून वारा खेळू द्या.

कोरड्या प्लायला पातळ इपॉक्सीचे (हार्डनर मिसळल्यावर कडक होणाऱ्या राळेचे) दोन हात द्या. तुमच्या डेकचं क्षेत्र साधारण साडेसात चौरस मीटर, त्याला दोन हातांत पावणेदोन ते दोन किलो लागेल. कापलेल्या कडा आणि प्रत्येक भोक यांना तिसरा हात द्या, कारण प्लाय पाणी पितो ते तिथूनच. खालच्या बाजूलाही निदान एक हात हवा, त्याचं इपॉक्सी वेगळं धरा. खड्डे आणि स्क्रूची डोकी इपॉक्सीच्या लांबीने (पुट्टीने) भरा. व्हिनायल खालचा प्रत्येक उंचवटा वर दाखवतं. पाण्याजवळच्या दमट रात्री इपॉक्सी सुकली की तिच्यावर मेणचट थर येतो. तो डोळ्याला दिसत नाही, पण त्यावर पीयू धरत नाही. सकाळी स्वच्छ पाण्याने आणि घासणीने धुवा, पूर्ण सुकू द्या, मग ८० नंबरने घासून धूळ पुसून काढा.

शीट आदल्या दिवशी सावलीत उलगडून पसरा, म्हणजे रोलचा बाक जातो. डेकपेक्षा चारही बाजूंनी दोन-दोन इंच जास्त कापा. पाठ साबणाच्या पाण्याने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. अॅसिटोन व्हिनायलला लावू नका, त्याने ते मऊ पडून खराब होतं. झाकणांच्या जागा आणि पाणी जायची भोकं आधी खुणा करून ठेवा.

चिकटवायला दव उडाल्यावर सुरुवात करा आणि ऊन चढायच्या आत संपवा. तापलेल्या डेकवर गोंद पसरायच्या आधीच धरतो, आणि तापून फुगलेली शीट रात्री आकसून कडा ओढते. गोंद चौरस मीटरला ३५० ते ४०० ग्रॅम धरा, म्हणजे एकूण तीन किलो. हार्डनरचं प्रमाण डब्यावर असेल तेच, वजन करून. अंदाजाने घातलेला हार्डनर कमी पडला तर गोंद कायमचा चिकट राहतो. एका वेळी अर्धा डेक पुरेल एवढाच मिसळा. शीट मधोमध दुमडा, एका बाजूला दीड मिलिमीटर दात्यांच्या करणीने गोंद सगळीकडे सारखा पसरा, शीट हळूहळू सोडत आणा, मग दुसरी बाजू. नुसत्या कडांना गोंद लावून मध मोकळा सोडणं ही फुगे बोलावण्याची पद्धत आहे. हातरोलरने मधून कडांकडे पूर्ण जोर लावून दाबा, आणि अर्ध्या तासाने पुन्हा. हातमोजे घाला, या गोंदाचा डाग कातडीवरून सहज जात नाही.

दुसऱ्या दिवशी जादा भाग कटरने छाटा. कडांवर अॅल्युमिनियमची एल पट्टी बसवा, स्टेनलेस स्टीलचे स्क्रू, पट्टीखाली पीयू सीलंट. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन टाळा. ते धातूला खातं, शिवाय जिथे एकदा लागलं तिथे पुढे काहीच चिकटत नाही. स्क्रूची भोकं मोठी पाडून इपॉक्सीने भरा, सुकल्यावर त्यातच बारीक भोक पाडून स्क्रू पिळा. चालायला एक दिवस, बाकडी बसवायला तीन दिवस, पाणी पडायला सात दिवस थांबा.

रबरी पाठीची पायपुसणी डेकवर ठेवू नका, व्हिनायलवर कायमचे तपकिरी डाग पडतात. गुलाबी डाग दिसले तर ते वरून पुसून जाणार नाहीत. ते खालच्या ओल्या लाकडातल्या सूक्ष्मजीवांचे असतात आणि डेकमध्ये पाणी शिरतंय हे सांगतात. तेव्हा कडांचं सीलंट तपासा. पावसाळ्यात बोट काठावर असताना ताडपत्री डेकला चिकटवून बांधू नका, मधे बांबू घालून वारा जाईल अशी उंच बांधा. आणि एखादा लहान फुगा आलाच, तर संपूर्ण पट्टा उचलू नका. बारीक चीर देऊन इंजेक्शनच्या सिरिंजने त्यात थोडा पीयू गोंद सोडा, वर पॉलिथीन ठेवून विटेचं वजन द्या आणि एक दिवस हलवू नका.