तुझं मन कामाच्या आड येत नाही

पत्र : ताई, मी जिल्हा रुग्णालयाच्या एसएनसीयूमध्ये, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात, कंत्राटी स्टाफ नर्स आहे. गेल्या महिन्यात अकराशे ग्रॅमचं एक बाळ नऊ दिवस झुंजून गेलं. डॉक्टर आईला सांगत होते तेव्हा मलाही रडू आवरलं नाही. इन्चार्ज सिस्टरांनी नंतर सुनावलं, ‘भावना घरी ठेवून यायचं. इथे प्रोफेशनल राहायचं.’ तेव्हापासून मी बाळांशी बोलणंच सोडलंय. काम चोख होतं, पण ड्यूटीला जावंसं वाटत नाही. परवा त्या आईचा फोन आला, मी उचलला नाही. मी या कामाला लायक नाही का?

प्रिय मैत्रिणी,

तू रडलीस याची मला काळजी नाही वाटली. बाळांशी बोलणं बंद केलंस, याची वाटली.

तुझ्या कक्षातल्या रुग्णांना काय होतंय ते सांगता येत नाही. जंतुसंसर्ग सुरू होताना बाळ आधी दूध कमी घेतं, जरा मलूल दिसतं, हात लावल्यावर नेहमीसारखं हलत नाही. मॉनिटरवर आकडे बिघडायच्या आधी हे अनेकदा कळतं, आणि कळतं ते त्या बाळात जीव गुंतलेल्या सिस्टरला. ‘डॉक्टर, हे आज कालच्यासारखं वाटत नाहीये’, हे वाक्य तुझ्या मायेतून येतं आणि ते वैद्यकीय निरीक्षणच असतं. माया बंद केलीस तर चार्ट भरला जाईल, पण हे वाक्य तुला सुचणार नाही.

कांगारू मदर केअर, म्हणजे बाळाला आईच्या छातीशी ठेवून मिळणारी ऊब, तू रोज देतेस. १९७८ च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटा शहरात इन्क्युबेटर पुरेनात, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी कमी वजनाची बाळं आईच्या उघड्या छातीशी ठेवायला सुरुवात केली. पुढे भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांत मोठी चाचणी झाली. बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मल्यापासूनच ही ऊब दिली, तर मृत्यूंचं प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी कमी झालं. हे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. घाबरलेल्या, टाक्यांनी कण्हणाऱ्या आईला तासन् तास तसं बसायला राजी कोण करतं? तू करतेस. कोरड्या सूचनेनं ती बसत नाही. तिच्या पाठीवर हात ठेवावा लागतो, तिच्या सासूला दोन शब्द समजावून सांगावे लागतात.

इन्चार्ज सिस्टरांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. अकराशे ग्रॅमच्या बाळाचा डोस काढताना दशांश चिन्ह एक घर सरकलं तरी अनर्थ होतो. त्या घटकेला डोळे कोरडे आणि हात स्थिरच हवेत. शेजारच्या बाळाला ॲप्निया येत असेल, म्हणजे त्याचा श्वास थांबत असेल, तर रडणं थांबवून तिकडे धावायलाच हवं. पण तू तसं कुठे चुकलीस? तुझ्या पत्रात तरी मला ते दिसलं नाही. त्यांनीही अशी कितीतरी बाळं हातातून निसटताना पाहिली असतील, आणि मन मारणं हाच एक उपाय त्यांना कुणीतरी शिकवला असेल.

तो उपाय महाग पडतो. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३ मध्ये हवाई सुंदरींच्या कामाचा अभ्यास मांडताना ‘भावनिक श्रम’ ही कल्पना पुढे आणली. आत एक आणि चेहऱ्यावर दुसरंच, असं दिवसभर वागणं हेही श्रमच, आणि ते माणसाला पोखरतात. तुला ड्यूटी नकोशी वाटतेय ती यानं. जीव लावल्यानं तू थकली असतीस, पण अशी विटली नसतीस.

म्हणून इन्चार्ज सिस्टरांशीच बोल. बाळ गेलं की त्या पाळीतल्या सगळ्यांनी हँडओव्हरनंतर दहा मिनिटं एकत्र बसायचं, काय केलं, काय राहिलं, कोणाला काय वाटतंय ते बोलायचं, एवढीच मागणी कर. नाही म्हणाल्या तर एका विश्वासू सहकारिणीबरोबर तू सुरू कर. झोप उडाली असेल, तीच दृश्यं पुन्हा पुन्हा समोर येत असतील, तर जिल्हा रुग्णालयातल्याच मानसोपचार विभागात जा. त्यात कमीपणा नाही.

आणखी एक गोष्ट मला तळमळीनं सांगायचीय. तू कंत्राटी आहेस. ‘सेवाभाव आहे ना, मग कर अजून एक पाळी’ असं कुणी म्हणालं तर त्याला बळी पडू नकोस. बाळांवरचं तुझं प्रेम हे थकलेला पगार आणि रिकाम्या जागा झाकायचं पांघरूण नव्हे. सलग दोन पाळ्या केलेल्या सिस्टरचा हात चुकतो, आणि भोगतं बाळ.

आता त्या आईचं. तिला आजच फोन कर. बाळ गेलं तरी दूध येत राहतं, स्तन दगडासारखे होतात, आणि घरात कुणी त्याबद्दल बोलत नाही. अजून त्रास आहे का विचार. गाठ, लाली किंवा ताप असेल तर लगेच दाखवायला सांग. पुढे कधी दिवस राहिले तर लवकर नाव नोंदवायचं आणि पहिल्याच तपासणीत ‘आधीचं बाळ मुदतीआधी झालं होतं’ हे डॉक्टरांना सांगायचं, हेही तिच्या कानावर घाल. त्या गरोदरपणात तिच्यावर जास्त लक्ष ठेवावं लागेल. आणि तिला बाळाबद्दल बोलायचं असेल तर बोलू दे. त्या नऊ दिवसांत त्याला रोज पाहिलेली, तिच्याइतकीच ओळखणारी, तूच आहेस.

तुझी,
ताई