रुग्णाच्या मेंदूतली गाठ उंदरात वाढवून त्याच्यासाठी नेमकं औषध शोधता येतं का?

संशोधनाला उपयोग आहे. घरच्या पेशंटसाठी विचारत असाल तर त्या नादाला लागू नका.

मी बेंगळुरूत ह्याच उंदरांच्या अ‍ॅनिमल हाउसमध्ये नोकरीला आहे, गाव निपाणी. आत्याला ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे मेंदूचा फार जोरात वाढणारा कॅन्सर निघाला, ऑपरेशन बेळगावात झालं. ती गेली आणि उत्तरकार्याच्या मंडपात आतेभावानं चारचौघांत विचारलं, "तुझ्या उंदरांच्या गाठी औषधानं विरघळत्यात म्हणतोस, मग माझ्या आईचीच कशी नाही विरघळली?" सगळी भावकी माझ्याकडं बघायला लागली. औषध माझ्याच कपाटात होतं की काय!

तिथं कोण ऐकणार होतं, म्हणून इथं सांगतो. ऑपरेशनमधली ताजी गाठ आली की पेशी सुट्या करायच्या, उंदराच्या कवटीला बारीक भोक पाडायचं आणि काही मायक्रोलिटर थेट मेंदूत सोडायचे. हे एनएसजी उंदीर. प्रतिकारशक्तीच्या टी, बी, एनके पेशीच नाहीत, म्हणून माणसाची गाठ त्यांच्यात राहते. त्यांचं पाणी आणि पिंजऱ्यातला भुसासुद्धा निर्जंतुक करून द्यावा लागतो. गाठ वाढायला कित्येकदा महिने जातात, काही तर धरतच नाहीत. इकडं ह्याच आजाराच्या २००५ च्या मोठ्या चाचणीत रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड (केमोची गोळी) दोन्ही घेऊनही निम्मे रुग्ण १४.६ महिन्यांत गेले. उंदराच्या निकालाची वाट कुणी बघायची? आणि प्रतिकारशक्तीच नसलेल्या उंदरावर इम्युनोथेरपी, म्हणजे प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरवर सोडणारा उपचार, काय तपासणार, कपाळ?

उंदराचं हे मॉडेल फालतू आहे असं मात्र नाही हं. सीरम (रक्तातला द्रव) घालून बाटलीत वाढवलेल्या गाठीच्या पेशी ईजीएफआर ह्या गाठ वाढवणाऱ्या जनुकाच्या जादा प्रती बहुतेक वेळा गमावतात, उंदरात त्या टिकतात. जगभर वापरलेली यू-८७ ही पेशीरेषा (लॅबमध्ये वर्षानुवर्षं वाढवत ठेवलेल्या गाठीच्या पेशी) तर मूळ रुग्णाच्या गाठीशी जुळतच नाही, हे २०१६ साली उघड झालं.

तुम्ही गाठीचा पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात जपून ठेवलेला तुकडा, मागून घ्या. त्यावर आयडीएच (गाठीचा प्रकार ठरवणारं जनुक) आणि एमजीएमटी मिथायलेशन (टेमोझोलोमाइड कितपत लागू पडेल ह्याचा अंदाज देणारी खूण) तपासून घ्या. आणि डॉक्टरांनी ठरवून दिलेलं रेडिएशन पुरं करा, साधारण ३० वेळा असतं. आमच्याकडं रोज कोल्हापूरला गाडी करून जायचा कंटाळा आला, निम्म्यात बंद करून काढा सुरू केला. बंद करणारा मी नव्हतो. पुरं केलं असतं तर आत्या वाचली असती असं म्हणत नाही, थोडे महिने जास्त मिळाले असते कदाचित. काढा कुणी आणला ते अख्ख्या भावकीला माहीत आहे.