वेठबिगारांची वकिली करायची असेल तर

तुम्ही लिहिलंय की एलएलबीचं शेवटचं वर्ष आहे, स्थलांतरित मजूर आणि तस्करीतून सुटलेल्या माणसांसाठी वकिली करायची आहे. सुरुवात कुठून करू आणि यावर घर चालतं का, असे दोन प्रश्न विचारलेत. मी रायगड-ठाणे पट्ट्यात वेठबिगारीची कामं बरीच वर्षं करते, बहुतेक कातकरी या आदिवासी समाजातल्या कुटुंबांची. मला माहीत आहे तेवढंच सांगते.

हे काम कोर्टापेक्षा प्रांत कार्यालयात, म्हणजे महसूल खात्याच्या उपविभागीय कार्यालयात जास्त चालतं. १९७६च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने चौकशी करून मजुराला सोडवण्याची जबाबदारी जिल्हाधिकारी आणि त्यांच्या हाताखालच्या अधिकाऱ्यांवर टाकली आहे. त्यांनी दिलेला मुक्ती दाखला हाती असेल तरच पुनर्वसनाचं दार उघडतं. दाखला द्यायचा मजूर जिथे राबत होता त्या वीटभट्टीच्या जिल्ह्याने आणि पुनर्वसन करायचं मजुराच्या गावच्या जिल्ह्याने. या दोन जिल्ह्यांमधल्या पत्रव्यवहारात महिने जातात. त्यामागे चिकाटीने लागणारा वकील हवा असतो.

माझी पहिलीच केस माझ्या चुकीने पडली. वीटभट्टीवर चौकशीला अधिकारी आले, मालक तिथेच उभा, आणि मी हरकत घेतली नाही. सगळ्यांनी खाली मान घालून सांगितलं, "राजीखुशीने राहतोय." पंचनाम्यात तेच आलं. तेव्हापासून मालक आणि मुकादम, म्हणजे मजूर आणून देणारा माणूस, नजरेआड झाल्याशिवाय मी जबाब सुरू होऊ देत नाही. जबाब त्यांच्या बोलीत घ्यायचा, लिहून झाल्यावर वाचून दाखवायचा आणि मगच अंगठा.

पण खरी अडचण याच्याही आधी असते. पावसाळ्यात हाताला काम नसतं, घरात दाणा नसतो. तेव्हा मुकादम वाडीवर येऊन उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ पैसे, देतो. दिवाळीनंतर बिऱ्हाड भट्टीवर जातं, आठवड्याला फक्त खर्ची, म्हणजे पोटापुरते पैसे, मिळते आणि हंगाम संपताना हिशोब केला की अंगावर बाकीच निघते. एक बाई मला म्हणाली होती, "पण ताई, पैसे तर आम्ही घेतलेत ना?" कायदा सांगतो की ते कर्ज संपलं. ते वेठबिगारीचं कर्ज नव्हतं, हे सिद्ध करायचं ओझं पैसे देणाऱ्यावर आहे. तिला हे पटायला माझ्या चार खेपा गेल्या. तिला ते मनापासून पटलं नसतं, तर मुकादम दारात आल्यावर ती जबाबावर टिकली नसती. पुस्तकात न मिळणारं कौशल्य हेच आहे आणि त्याला वेळ द्यावाच लागतो.

अधिकारी विचारतील, "कुलूप लावलं होतं का? मारहाण केली का?" त्यावर दोन निकाल तोंडपाठ हवेत. १९८२ साली एशियाडच्या (आशियाई क्रीडा स्पर्धांच्या) बांधकामावरच्या मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने भुकेची सक्ती हीसुद्धा सक्तीच मानली आणि किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबवून घेणं म्हणजे राज्यघटनेतल्या वेठबिगारीला बंदी घालणाऱ्या अनुच्छेद २३चा भंग ठरवला. बंधुआ मुक्ती मोर्चा या संघटनेच्या याचिकेवरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुढे सांगितलं की मजुराकडून सक्तीने काम करून घेतलं जात असेल, तर ते उचलीपोटीच आहे असं गृहीत धरायचं.

फिर्याद नुसत्या १९७६च्या कायद्यावर थांबू देऊ नका. त्यात शिक्षा जास्तीत जास्त तीन वर्षं आणि दंड दोन हजार रुपये. भट्टीमालकाला दोन हजार म्हणजे काय! भारतीय न्याय संहितेचं कलम १४३, म्हणजे तस्करीचं, लावायला सांगा. त्यात पीडिताची संमती होती की नव्हती याला महत्त्व नाही. मजूर आदिवासी किंवा दलित असतील आणि मालक त्या समाजांतला नसेल, तर अॅट्रॉसिटी कायद्यातही वेठबिगारीचं वेगळं कलम आहे. पोलीस टाळतात. लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

पैशांचं म्हणाल तर पुनर्वसनाच्या केंद्रीय योजनेत पुरुषाला एक लाख, बाई किंवा मुलाला दोन लाख आणि तस्करीसारख्या अतिगंभीर प्रकारात तीन लाख आहेत. तातडीची मदत तीस हजारांपर्यंत. मोठी रक्कम खटल्याच्या निकालाशी जोडल्यामुळे रखडते. हा मला उघड अन्याय वाटतो, कारण खटला लांबण्यात मजुराचा काय दोष? म्हणून तातडीच्या मदतीचा अर्ज सुटकेच्या दिवशीच द्या. हातात काहीच नसेल, तर तेच कुटुंब पुढच्या पावसाळ्यात पुन्हा उचल घेतं.

वेश्यागृहातून सोडवलेल्या मुलींची कामं मी थोडीच केलीत. तिथे एक सापळा आहे. मालकिणीने पाठवलेला 'काका' मुलीच्या सुटकेसाठी वकीलपत्र घेऊन येतो. मुंबई उच्च न्यायालयाने २००२ साली प्रेरणा प्रकरणात सांगितलंय की दलाल किंवा मालकिणीच्या वकिलाने त्याच केसमध्ये पीडितेच्या वतीने उभं राहू नये. फी कोण देतंय ते आधी विचारा.

घर फक्त यावर चालत नाही. माझं तालुका कोर्टातल्या दिवाणी कामांवर चालतं. तस्करी आणि वेठबिगारीच्या पीडितांना विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली मोफत वकील मिळतो, तेव्हा सनद मिळाली की जिल्हा प्राधिकरणाच्या पॅनेलच्या अटी विचारून ठेवा. तोवर या हंगामात एखाद्या संघटनेच्या कार्यकर्त्यांबरोबर भट्ट्यांवर जा. मजुरांबरोबर बसा, त्यांच्या खर्चीची वही वाचायला शिका.