मायक्रोवेव्हची 2.45 गिगाहर्ट्झ ही पाण्याची रेझोनन्स फ्रिक्वेन्सी आहे, हे खरं का? असेल तर त्यात बर्फ इतका रेंगाळत का वितळतो?

तुमच्या दुसऱ्या प्रश्नातच पहिल्याचं उत्तर आहे. 2.45 गिगाहर्ट्झला पाण्याचा कसलाही रेझोनन्स, म्हणजे एका ठरावीक फ्रिक्वेन्सीलाच शोषण एकदम वाढणं, नाही. क्लासच्या नोट्सपासून यूट्यूबपर्यंत सगळीकडे तसं सांगतात, तरीही नाही.

पाण्याच्या रेणूच्या एका बाजूला किंचित धन आणि दुसऱ्या बाजूला किंचित ऋण प्रभार असतो, म्हणून विद्युतक्षेत्र उलटलं की तोही वळू पाहतो. पण द्रवात शेजारच्यांनी त्याला हायड्रोजन बंधांनी धरून ठेवलेलं असतं. भरलेल्या विरार लोकलमध्ये दाराकडे तोंड करायचं तर चार जणांना घासूनच वळावं लागतं, तसंच हे. या वळण्याला लागणारा वेळ म्हणजे रिलॅक्सेशन टाइम, 25 अंश सेल्सिअसला साधारण 8 पिकोसेकंद (एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग). क्षेत्र सावकाश बदललं तर रेणू निवांत सोबत जातो. फारच वेगाने बदललं तर तो हलायच्या आत क्षेत्र उलटलेलं असतं. दोन्हीकडे शोषण कमी. मधल्या पट्ट्यात रेणू वळतो खरा, पण मागे पडत वळतो, आणि त्या मागे पडण्यातच क्षेत्राची ऊर्जा उष्णता होते. भौतिकशास्त्रज्ञ पीटर डिबाय यांनी मांडलेलं हे चित्र. पाण्याचं सर्वाधिक शोषण 19-20 गिगाहर्ट्झच्या आसपास येतं, आणि तो टोकदार सुळका नसून ऐसपैस उंचवटा असतो. 2.45 त्याच्या पायथ्याशी.

मग ओव्हन 20 गिगाहर्ट्झवर का नाही चालवत? कारण सगळी ऊर्जा वरच्या मिलिमीटरभरातच संपेल. 2.45 ला ती पाण्यात दीडेक सेंटिमीटर आत पोचते. बाकी हा आकडा ठरला तो उद्योगधंद्यांसाठी मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यामुळे. वाय-फायही त्याच पट्ट्यात, म्हणून ओव्हन लावला की कधीकधी व्हिडिओ अडकतो.

(खरा रेझोनन्स वाफेत सापडतो: सुट्या रेणूंची शोषणाची एक टोकदार रेषा 22.2 गिगाहर्ट्झला आहे. दुसऱ्या महायुद्धात सव्वा सेंटिमीटर तरंगलांबीच्या रडारला हवेतल्या बाष्पाने याचमुळे दगा दिला.)

आता बर्फ. स्फटिकात जखडलेला रेणू फार सावकाश वळतो. गोठणबिंदूजवळ बर्फाची रिलॅक्सेशन फ्रिक्वेन्सी, म्हणजे जिथे या वळण्यामुळे शोषण सर्वाधिक होतं ती, जेमतेम काही हजार हर्ट्झ असते. त्याच्यासाठी 2.45 गिगाहर्ट्झ म्हणजे अतिवेगवान क्षेत्र, त्यामुळे लहरी जवळपास आरपार जातात. पाण्याच्या तुलनेत शोषण शेकडो पटींनी कमी.

खरी पंचाईत पुढे आहे. फ्रीजरमधला खिम्याचा गठ्ठा ठेवलात की कडेचं थोडं वितळतं, ते पाणी लगेच कैकपट ऊर्जा खायला लागतं, आणि मीठ असेल तर आयनांच्या हालचालीने आणखी. मग कडा करड्या होऊन शिजतात आणि मधला गोळा तसाच दगडासारखा. डिफ्रॉस्ट मोडमध्ये मॅग्नेट्रॉनची (ओव्हनमधल्या लहरी तयार करणाऱ्या नळीची) घरघर थांबून थांबून येते ती याचसाठी: मधल्या वेळात उष्णता कडेकडून आत झिरपावी. कारखान्यांत मांसाचे मोठे गोठलेले ठोकळे नरम करायला अमेरिकेत 915 मेगाहर्ट्झ वापरतात, कारण त्या लहरी जास्त खोल जातात. घरी तो पर्याय नाही, म्हणून खिमा गोठवतानाच पिशवीत चपटा थापून ठेवा आणि मधे एकदा उलटा.